भवानीच्या वेळी घेतलेला लाइट बार

कसालच्या हमरस्त्यावर गाड्यांचं सामान विकणाऱ्या एका दुकानदाराने मला फसवलं. जीपच्या टपावर लावायचा लाइट बार म्हणून त्याने जो माल मला दिला तो खोटा होता, आणि देताना त्याला ते माहीत होतं. मी त्याचं काही बुडवलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझा आवाज चढेल तेव्हा कोणी म्हणायला नको की ह्या बाईचं डोकंच गरम. डोकं गरम आहेच. पण फसवलं त्याने.

मी मासे विकते. सुरुवात डोक्यावरच्या पाटीने केली. तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढली की वाळूतच लिलाव व्हायचा. मग पाटी भरायची, डोक्यावर घ्यायची, सुरूच्या बनातून रस्त्यापर्यंत चढायचं आणि एसटीची वाट बघायची. कंडक्टर पाटी बघून नाक धरायचा आणि त्याच्याच घरचे संध्याकाळी माझ्याकडे बांगड्यासाठी घासाघीस करायचे. त्या पाटीचं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं. ज्या दिवशी मी स्वतःची गाडी घेतली त्या दिवशी पाटी पडवीत उलटी घातली आणि ठरवलं की ही आता माझ्या डोक्यावर परत चढणार नाही.

गाडी म्हणजे जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप. चिरेखाणीवर राबून राबून दमलेली. खाणवाल्याला ती नकोशी झाली होती आणि मला हवी होती, पण मी चेहऱ्यावर तसं दिसू दिलं नाही. टायर बघून चुकचुकले, दार उघडून मान हलवली, निघून गेले, आठवड्याने सहज म्हणून परत गेले. गाडी घरी आली.

ह्या गाडीमुळे माझा धंदा उभा राहिला. बाकीचे व्यापारी टेम्पो रस्त्यावर लावतात आणि माल माणसांकरवी वर आणतात. माझी जीप वाळूत उतरते, ओल्या पट्टीपर्यंत जाते, मागे बर्फ तयार असतो. त्यांची पहिली पाटी रस्त्यावर पोचेपर्यंत माझी मासळी मालवणच्या बाजारात, माझ्या जावेच्या पुढ्यात मांडलेली असते. जाऊ विकते, मी आणते. आमचं असं चालतं.

गाडी खाली आणायची मुभा रापणीच्या तांडेलाने दिली होती. तांडेल म्हणजे रापणीच्या लोकांचा म्होरक्या, त्याच्या शब्दाशिवाय तिथे कोणी दोराला हात लावत नाही. म्हातारा आहे, पण आवाज लाटांच्या वरून ऐकू येतो. त्याची अट एकच होती. दोरावर चाक जाता कामा नये. होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं टाकते आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर माणसं ओढत असतात. उजाडायच्या आधी ते दोर वाळूसारखेच दिसतात. जीपचे पुढचे दिवे खाली असल्यामुळे वाळूच्या चढउतारात त्यांचा उजेड अडतो. म्हणून मला टपावर दिवे हवे होते. हौस म्हणून नाही. तारकर्लीला सुट्टीत येणाऱ्यांच्या गाड्यांवर असतात तसली शोभा मला परवडत नाही आणि आवडतही नाही.

कुडाळला काम होतं म्हणून सकाळी लवकर निघाले होते. कसालला दुकान नुकतं उघडत होतं. तो उदबत्ती फिरवत होता. काउंटरवर पाण्याची बादली आणि त्या बादलीत बुडवलेला लाइट बार, पेटलेला. लांबट, काळा, झळझळीत.

"वहिनी, बघा," तो म्हणाला. "पाण्यात बुडवलंय तरी पेटता आसा. तुमच्या मालवणचो दर्या काय करतलो हेका?"

"बादलीतला पाणी गोडा आसा," मी म्हटलं.

"पाणी ता पाणी, वहिनी."

मग आम्ही भावावर आलो. त्याने सांगितला तो भाव ऐकून मी पिशवी उचलली. पायरी उतरले. त्याने हाक मारली. मी परत आले, पुन्हा उतरले. शेवटी त्याने कपाळाला हात लावला आणि हसला. "या, या. तुमी म्हणशात तसा. भवानी आसा, गिऱ्हाईक परत पाठवूचंय नाय."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. आम्हा विकणाऱ्यांचा अख्खा दिवस तिच्यावर उभा असतो. भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, आणि गिऱ्हाइकानेही भवानीच्या मालाला नाट लावायचा नाही. माझ्या जावेकडे सकाळी पहिली आलेली बाई मासा दाबून दाबून ठेवून निघून गेली तर जाऊ दुपारपर्यंत कोणाशी धड बोलत नाही.

बादलीतला नमुना बादलीतच राहिला. त्याने आतून बंद खोका आणला. मी खोक्याची चिकटपट्टी काढायला नख लावलं तसा तो म्हणाला, "वहिनी, भवानीचो माल आसा. दुकानात फोडलास तर माझो दिवस जाता. घराक नेवन उघडा. काय झाला तर मी हंयच आसंय. खंय पळतलंय?"

मी हात मागे घेतला. कल्ला उचलून बघितल्याशिवाय बांगडा न घेणारी मी, बंद खोका काखेत घेऊन पायरी उतरले. मी बावळट होते म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या भवानीचा मान मी राखते म्हणून. तो हे ओळखून होता. मी काय विकते हे त्याने आधीच विचारून घेतलं होतं.

लाइट बार टपावर चढला. सुरुवातीला ठीक चालला. मग काचेच्या आत वाफ धरली, आरशावर श्वास सोडल्यासारखी. मग एका टोकाचे दिवे मंद झाले. मी मनात म्हटलं, कुडाळच्या पुढच्या खेपेला दाखवते. ती खेप यायच्या आत एका पहाटे मी सुरूच्या बनातून खाली उतरले, वाळूत गाडी घातली आणि टपावरचा सगळा उजेड एकदम गेला.

ब्रेक मारेपर्यंत पुढचं चाक दोरावर चढलं होतं. चाकाने वाळूत फिरून दोर आपल्याकडे ओढून घेतला. ओढणाऱ्या माणसांच्या हातून तो निसटला, दोघं पाठीवर पडली. एका बाजूचं जाळं ढिलं पडलं आणि आत आलेली मासळी त्या फटीतून निघून गेली. फटफटलं तेव्हा जाळ्याच्या पोटात थोडे बारके पेडवे आणि भरपूर शेवाळ होतं.

तांडेल माझ्या दारापाशी येऊन उभा राहिला.

"दिवे गेले, काका," मी म्हटलं. "माका दोर दिसलो नाय."

"तुका दिसलो नाय ता माका कळला. जाळ्यातल्या बांगड्यांकय कळला. ते गेले." मग तो जीपच्या टपाकडे बघत म्हणाला, "गाडी आजपासून वर. तू खाली ये, पाटी घेवन. पयली येय होतस तशी."

बाकीचे व्यापारी बाजूला उभे होते. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पडवीतली पाटी सरळ केली. तळाला मुंग्या होत्या. झटकली, धुतली, डोक्यावर घेतली. बाजारात पोचेपर्यंत टेम्पोवाल्यांची मासळी विकून अर्धी झाली होती. जावेने माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं आणि तिला सगळी हकिकत कळली तेव्हा म्हणाली, "तुका फसवणारो माणूस आसा ह्या जगात? माका एकदा दाखव तरी गो. पाया पडान येतंय."

मी खोका घेऊन कसालला गेले. तो दुपारच्या पेंगेत होता. लाइट बार त्याने हातात घेतला, हलवला, आतलं पाणी डुचमळलं. त्याने तो परत माझ्यासमोर ठेवला.

"खारी हवा लागली, वहिनी. खाऱ्या हवेक गॅरंटी नाय."

"मी मालवणची, ह्या तुमका ठावक होता."

"ठावक होता. पण तुमी गाडी पार दर्यार नेतास ह्या ठावक नव्हता."

"मगे मासे खंय धरू? कसालच्या स्टँडार?"

दुकानातलं एक गिऱ्हाईक हसलं. तसा तो मालवणी सोडून एकदम शुद्ध मराठीत बोलायला लागला. "हे बघा बाई, कंपनीचे नियम असतात. माल आपण उघडून बघून न्यायला हवा होता." हे वाक्य माझ्या कानात अजून आहे. उघडू नका म्हणणारा तोच, आणि उघडायला हवा होता म्हणणाराही तोच. मी काउंटरवर हात आपटला. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो आत गेला आणि मी तो मेलेला बार उचलून घरी आले.

घरी आल्यावर तो मी माशासारखा फाडला. काचेची कड सुरीने सोडवली. आत एका बाजूला गम होता, दुसऱ्या बाजूला नुसती रेघ. रबराची पट्टी नव्हतीच. स्टीलचे म्हणून चमकणारे स्क्रू लोखंडाचे, गंजून तपकिरी झालेले. ते ज्या ॲल्युमिनियममध्ये बसवले होते तिथे पांढरी भुकटी सांडलेली. आणि सगळे दिवे एकाच पातळ पट्टीवर, एकाला पाणी लागलं की सगळे जाणार. मी बघत बसले आणि राग हळूहळू बाजूला झाला. ह्यात काही जादू नव्हती. जे ह्याने केलेलं नाही ते आपण करायचं, एवढंच होतं. त्याच संध्याकाळी मी ठरवलं, बार मी स्वतः बनवणार.

दिव्यांपासून सुरुवात केली. ट्रॅक्टरला मागे शेतात बघायला लावतात तसले गोल दिवे, एकेक वेगळा, एकेक स्वतःपुरता बंद. एक गेला तर बाकीचे जळत राहतात. मी कुडाळला दुसऱ्या दुकानात गेले आणि प्रत्येक दिव्याचा खोका उघडला. रबर दाबून बघितलं, काच कानाजवळ नेऊन वाजवली. दुकानदार म्हणाला, "बाई, दिवो आसा तो, पापलेट नाय." मी म्हटलं, "म्हणूनच. पापलेट बघितल्यावर कळता." पांढरे नको, पिवळसर घेतले. पांढरा उजेड धुक्यात आणि खाऱ्या तुषारांत आपल्याच डोळ्यांवर परत येतो.

दिवे बसवायला लांब, हलकी पट्टी हवी होती. तारकर्लीतल्या एका लॉजवाल्याने जुन्या सरकत्या खिडक्या काढून नारळाखाली टाकल्या होत्या. ॲल्युमिनियमची चौकट, पोकळ, सरळ. तो भंगारवाल्याची वाट बघत होता. मी सांगितलं की भंगारवाला येईल तेव्हा येईल, इसवण, म्हणजे सुरमई, मात्र आज आली आहे. त्याच्याकडे पाहुणे होते. चौकट मला मिळाली, आणि वर खिडकीचं रबरही, कारण इसवण मोठी होती.

बोल्ट होड्यांच्या सामानाच्या दुकानातून घेतले, इंजिनाला लावतात ते न गंजणारे. बोल्ट आणि ॲल्युमिनियम एकमेकांना भिडू नयेत म्हणून मधे सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून घातल्या. आमच्याकडे दोन वेगळे धातू खाऱ्या हवेत एकमेकांना लागून राहिले की एकाचं पीठ होतं, हे ज्याच्या घराला खिडक्या आहेत त्या प्रत्येकाला माहीत आहे. तारा मी स्वतः ओढल्या. ही जीप मला इतक्या ठिकाणी बंद पडून शिकवून गेली आहे की तिच्या पोटातली प्रत्येक वायर मी ओळखते. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले, मग दिवे. बटणातून सगळा करंट नेला तर बटण वितळतं.

आता राहिली खरी अडचण, आणि ती तांडेलाने घातली होती. मी दिवे बनवते आहे हे किनाऱ्यावर पोचलं होतं. एका सकाळी मी पाटी भरत असताना तो आला.

"एलईडी लावतस म्हणे?"

हा शब्द आमच्या किनाऱ्यावर शिवीसारखा आहे. खोल समुद्रात मोठ्या बोटी प्रखर दिवे पाण्यावर सोडतात, लांबलांबची मासळी त्या उजेडाला येते आणि ते ती उपसून नेतात. किनाऱ्याकडे यायला काही उरतच नाही. रापणीची माणसं दोर ओढतात आणि हाती रिकामं जाळं येतं. त्या बोटींविरुद्ध ही माणसं मोर्चे काढून बसलेली आहेत.

"काका, दिवे जीपवर आसत. होडयेर नाय."

"दर्यात ते, आता किनाऱ्यार तू. त्या लायटीवाल्यांची भयण काय गो तू?" तो खाली बसला आणि जरा मऊ झाला. "ऐक. उजेड वाळवेर पडूक होयो. पाण्यार एक थेंब पडलो तरी गाडी माका नको."

वाळूवर पडायचा आणि पाण्यावर नाही. म्हणजे दिव्यांना टोपी हवी, पुढे झुकलेली, उजेड वरून कापणारी. पत्र्याची केली तर एका पावसाळ्यात गळून पडेल. म्हणून मी खाडीकाठी होड्यांना फायबर मारणाऱ्या कारागिराकडे गेले. तो चांगला कारागीर आहे आणि त्याहून चांगला भांडतो. त्याने एका होडीच्या काठाच्या साच्यावर काचेची जाळी अंथरली, राळ ओतली आणि मला हवी तशी लांब, वळलेली टोपी काढून दिली. आतून मी काळा रंग मारला, म्हणजे उजेड बॉनेटवर पडून डोळ्यांत यायचा नाही. इथपर्यंत आमचं जमलं.

मग तो म्हणाला की आता हे खालूनही बंद करू. समोर काच, मागे फायबर, खाली फायबर, हवा जायला फट नाही.

"होडयेत पाणी जाता काय?" तो म्हणाला. "मगे दिव्यात कसा जायत?"

मला ते पटलं. त्याने बंद केलं. मी ते दिवसभर अंगणात उन्हात ठेवलं. ऊन उतरल्यावर बघते तर काचेच्या आत घाम. बाहेरून एक थेंब गेला नव्हता, आतल्याच हवेने दव धरलं होतं. कसालचा बार माझ्यासमोर पुन्हा उभा राहिला.

मी तशीच खाडीकाठी गेले. तो म्हणाला, राळ कच्ची राहिली असेल, आणखी एक थर देऊ. मी त्याच्या मागे उलट्या घातलेल्या होडीकडे बघत होते आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं.

"होडी वरून उघडी असता," मी म्हटलं. "पाणी गेला तर उपसून टाकतास. हेच्यातला पाणी कसा उपसतलास?"

तो होडीकडे वळून बघायला लागला.

"खालून भोकां पाडा."

"भोकां?" त्याने हातातला ब्रश डब्यात टाकला. "इतको फायबर मारलंय तो भोकां पाडूक? मगे बाजारातली चाळण घेवन ये, तिच्यात दिवे लाव."

"चाळणीक टोपी नाय."

तो शेवटपर्यंत तयार झाला नाही. ड्रिल मीच घेतलं. तळाला ओळीने भोकं पाडली, समोरची काच काढूनच टाकली. दिवे स्वतःपुरते बंद आहेत ना, मग त्यांच्या घराला दार कशाला? येणारं पाणी येऊ दे, जाणारं जाऊ दे. वारा आतून फिरू दे. खारी हवा अडवायला गेलं की ती आत कोंडून बसते. हे कसालचा बार बनवणाऱ्याला आणि माझ्या फायबरवाल्याला दोघांनाही सुचलं नव्हतं, मला सुचलं, आणि हे लिहिताना मला अजून बरं वाटतं. मी अंगणात त्यावर समुद्राचं पाणी बादलीने ओतलं. खालून धारा लागल्या, सगळे दिवे पेटलेले. शेजारच्या घरातून कोणीतरी विचारलं, गाडीला न्हाऊ घालतेस काय.

टपावरच्या कॅरिअरला बार कसला. रस्त्यावरून जाताना तो झाकायला रेक्झिनचं झाकण शिवून घेतलं, रस्त्यावर वरचे दिवे उघडे नकोतच. मग तांडेलाला निरोप धाडला.

तिन्हीसांज होती. सूर्य बुडून गेला होता आणि वाळू राखाडी झाली होती. तांडेल आला, मागून रापणीची माणसं आली, आणि दोन-तीन व्यापारीही, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. तांडेलाने एक जुना दोर वाळूत टाकायला लावला, वरून पायाने थोडी वाळू सारली. मग लुंगी वर खोचून पाण्यात शिरला.

"मी हंय उभो रवतंय. माझ्या पायार उजेड पडलो, तर गाडी वळवूची आणि परत आणूची नाय."

"आणि नाय पडलो तर?"

"मगे बघू."

"बघू नाय, काका. नाय पडलो तर गाडी ओल्या वाळवेपर्यंत येतली, पयल्यासारखी. आत्ताच बोला, सगळ्यांसमोर."

"माझ्याकडे बाजार कित्या लावतस गो?" तो पाण्यातून ओरडला. माणसं हसली. "बरा. येतली."

मी गाडीत बसले. बटण दाबलं.

पिवळा उजेड वाळूवर पसरला. चादर अंथरावी तसा. दोर मला लगेच दिसला. वाळूत झाकलेला असून त्याच्या मागे काळी सावली पडली होती, काजळाची रेघ ओढल्यासारखी. कोणाची तरी चप्पल दिसली, खेकड्याचं बीळ दिसलं. आणि जिथे फेस येऊन संपत होता तिथे उजेडही संपला होता. त्याच्या पलीकडे तांडेल होता, पण मला नुसता त्याचा आवाज येत होता.

"पेटव गो."

"पेटवलंय काका."

"काय?"

मग तो गुडघ्याएवढ्या पाण्यातून बाहेर यायला लागला. तेवढ्यात एक मोठी लाट आली आणि त्याला कमरेपर्यंत भिजवून गेली. तो फेसातून वर आला तेव्हा आधी पाय उजेडात आले, मग लुंगी, मग तो सबंध. त्याने मागे वळून काळ्या पाण्याकडे बघितलं. मग लुंगी पिळत माझ्या खिडकीपाशी आला.

"लुंगी भिजली," तो म्हणाला. "पण उजेडान नाय."

आणि जाता जाता उद्याच्या बर्फाचंही सांगून गेला, "फाल्या येताना बर्फ वायच जास्त हाड."

त्या रात्री मी पाटी परत पडवीत उलटी घातली. दुसऱ्या पहाटे जीप खाली उतरली, चाकं दोराच्या अलीकडे थांबली, आणि बाजारात जावेच्या पुढ्यात बांगडे पोचले तेव्हा टेम्पोवाले रस्त्यावर चढत होते. जावेने माझ्यासाठी चहा मागवला, आणि स्वतःचाही मला दिला.

पुढे रापणीचीच माणसं सांगायला लागली, बाय, जरा इकडे उजेड टाक, दोर कुठे अडकलाय बघू. दोर ओढणारे माझ्या उजेडात पाय रोवतात. ज्या व्यापाऱ्यांनी त्या सकाळी मला पाटी उचलताना बघितलं, त्यांच्यातल्या दोघांनी फायबरवाल्याकडे तसाच बार मागितला. तो त्यांना सांगतो, खालून भोकं पाडायची असतात, बंद केलं की घाम धरतं. जणू त्यालाच सुचलं होतं. मी ऐकून घेते. त्याचं माझं मिटेल.

कसालचं मिटलेलं नाही.

एका सकाळी मी मुद्दाम लवकर निघाले. मागे समुद्राच्या पाण्याचा कॅन आणि तो फाडलेला बार. दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं, उदबत्ती अजून पेटायची होती. मी पायरीवर उभी राहिले. त्याने बघितलं आणि त्याचा हात काडेपेटीवर थांबला. पण पहिलं गिऱ्हाईक मी होते. मला जा म्हणणं त्याला शक्य नव्हतं.

"एक फ्यूज द्या," मी म्हटलं.

त्याने फ्यूज दिला. मी पुडी उघडली, फ्यूज उजेडात धरून बघितला आणि पैसे दिले. माझ्या हातून कोणाची भवानी मोडलेली नाही, त्याचीही नाही. मग बारचं झाकण काढलं, दिवे लावले आणि कॅन टपावर उपडा केला. खारं पाणी भोकांतून धारेने खाली आलं, दिवे जळत राहिले. एसटीची वाट बघणारी माणसं स्टँडवरून सरकून जवळ आली. मी काउंटरवरची बादली रिकामी केली, त्यात उरलेलं समुद्राचं पाणी ओतलं आणि त्याच्यासमोर ठेवली.

"आता आतला एक खोको हाडा. माका दिलास तसो बंद. फोडा आणि हेच्यात घाला."

तो खोका आणेना. गर्दीतला एक म्हणाला, "घाला हो शेटजी, पाणी ता पाणी." त्याला हे वाक्य कुठून मिळालं मला ठाऊक नाही, बहुतेक त्यालाही तसाच बार विकला गेला होता.

"वहिनी," दुकानदार म्हणाला, पुन्हा मालवणीवर येत, "चाय घेवा."

चहा मी घेतला नाही. अजूनही घेत नाही. कुडाळला जायचं असलं की मी लवकर निघते आणि दुकान उघडायच्या वेळी त्याच्या पायरीवर असते. एक फ्यूज घेते, बघून घेते, पैसे देते आणि एकच प्रश्न विचारते. माझ्याकडे आता फ्यूजांचा डबा भरत आला आहे. दुसरा बार मला नको, पैसे परत नकोत. बादलीतला माल आणि खोक्यातला माल एक होता की नव्हता, आणि नव्हता तर भवानीचं नाव घेऊन माझा हात का थांबवलात, एवढं तुम्ही, दुकानदार, तुमच्या स्वतःच्या पायरीवर उभं राहून, पहिल्या गिऱ्हाइकाला उत्तर द्या.